तुलनेसाठी राखलेला बोकड

बसा मित्रांनो, पण वारा कुठून येतोय ते आधी बघून बसा. मी एक जुना बोकड आहे. जुना म्हणजे दाढी पांढरी, एक शिंग अर्धं तुटलेलं आणि वास मात्र अजून ऐन तारुण्यातला. माझा विषय निघाला की माणसं आधी नाक धरतात आणि मग बोलतात. त्यामुळे माझ्याविषयी आजवर जे काही बोललं गेलं, ते सगळं गेंगाण्या आवाजातच बोललं गेलं आहे.

आपली थोरवी आपणच सांगणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी ती सांगण्याइतकं जवळ येत नाही, म्हणून मीच सांगतो. माझ्या उमेदीच्या काळात आमच्या गोठ्यावरच्या तारेवर एक कावळा बसला होता. मी सहज अंग झटकलं. कावळा बसल्या जागेवरून सरळ खाली आला. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते पाठ फिरवण्याचं. त्याची नातवंडं अजून त्या तारेवर बसतात, ती आमच्याकडे पाठ करून. तसंच एकदा भर दुपारी एका चोराने मला खांद्यावर टाकून नेलं. गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत त्याने स्वतःच पोलिसांना हाका मारल्या. त्याला कोठडीत घातलं, तेव्हा आतल्या बाकीच्यांनी आपापले गुन्हे घाईघाईने कबूल केले, का तर निदान दुसऱ्या कोठडीत हलवतील. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा. चोराला विचारू नका, तो त्या विषयावर बोलत नाही.

माझी पहिली आठवण आईच्या नाकाची आहे. ओलं, गार, जरासं खरबरीत नाक. तिने मला शेपटीपासून कानापर्यंत चाटलं, हुंगलं आणि घशातल्या घशात एक आवाज काढला. झालं, माझं बारसं आटोपलं. त्यानंतर कळपात माझ्यासारखी पांढरी करडं कितीही असोत, तिने कधी चूक केली नाही. दुसऱ्याचं पोर कासेला आलं की ती त्याला ढुशी देऊन उडवायची आणि मी आलो की मागचे पाय फाकवून उभी राहायची. माणसांना एकमेकांना नावं द्यावी लागतात, कारण त्यांची नाकं कामातून गेलेली आहेत. आमचं नाव आमच्या अंगावरच असतं.

आणि आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकतो. मला माणसांची किळस येते. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची. अंगाला घाम, घामावर साबण, साबणावर पावडर, पावडरीवर फवारा; उकिरड्यावर गालिचा अंथरून त्यावर पाहुणे बसवावेत तसा हा प्रकार. आणि असा माणूस माझ्याजवळून जाताना तोंड वाकडं करतो. मी कधी काही बोललो नाही. रवंथ करत राहिलो.

आमची मालकीण म्हणजे शेळीवाली मावशी. तिचा पत्र्याचा गोठा, मागे एक खोली, खोलीत ती, तिचा मुलगा आणि सून. गोठ्यासमोर पूर्वी मोकळं रान होतं. तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. इमारतींना गच्च्या आल्या, गच्च्यांवर कुंड्या आल्या, कुंड्यांमागे माणसं आली, आणि माणसं आल्याबरोबर आमचा वास आला. म्हणजे वास आधीपासून होता, पण त्याला गाऱ्हाण्याचा मान आता मिळाला. दूध मात्र त्यांना आमचंच लागायचं. डॉक्टरांनी सांगितलेलं असायचं.

त्या इमारतींचे एक अध्यक्ष होते. त्यांचं नाक चेहऱ्याच्या बरंच पुढे चालायचं. ते कोपऱ्यावरून वळले की आधी नाक यायचं आणि थोड्या वेळाने अध्यक्ष. त्यांनी नगरपालिकेत खटपट केली आणि नियम करून घेतला की वस्तीजवळ फक्त वास नसलेल्या शेळ्याच पाळता येतील. सगळे हसले. वास नसलेली शेळी कुठून आणणार? पण शहराबाहेरच्या प्रयोगशाळेतले एक साहेब हसले नाहीत. ते बोलताना दोन बोटं सारखी कात्रीसारखी चालवायचे, म्हणून मावशी त्यांना कात्रीसाहेब म्हणायची. मावशीचा मुलगा त्यांच्याच प्रयोगशाळेत पिंजरे धुवायला होता.

"सोपं आहे मावशी," कात्रीसाहेब म्हणाले. "प्रत्येक जिवाच्या आत एक लांबलचक धागा असतो. शिंगं कशी, केस कसे, वास कसा, सगळं त्या धाग्यात ठरलेलं असतं. आम्ही त्यातली वासाची गाठ तेवढी कापतो. बाकी शेळी जशीच्या तशी."

"पोरांना त्रास नाही ना व्हायचा?"

"कसला त्रास? उलट ती स्वच्छ जन्मतील."

"मग कापा बाबा. त्या गच्चीवाल्यांनी जीव नकोसा केलाय," मावशी म्हणाली.

स्वच्छ. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. म्हणजे आईने जिभेने जे केलं होतं, ते काय होतं?

त्यांना सगळ्यांत उग्र वासाचा नमुना हवा होता. माझी निवड बिनविरोध झाली. माझ्या कपाळावर कापूस घासून तो बरणीत घालायचे. मग पांढऱ्या कोटातली माणसं ओळीने बसून बरणीचं झाकण उघडायची, हुंगायची आणि आपलं मत द्यायची. पहिल्या बाईंनी मत बेसिनमध्ये दिलं. दुसरे गृहस्थ म्हणाले की त्यांना त्यांचे सासरे आठवले. शेवटी असं ठरलं की जगातल्या सगळ्या वासांची मापं आता माझ्यापासून काढायची. माझ्या कानाचा इवलासा तुकडा घेऊन त्यांनी माझाच वंश चालवला; पण त्या पोरांतून मला वगळून. आणि मला ठेवलं गोठ्याच्या टोकाला एका काचेच्या खोलीत. दारावर पाटी लावली, 'तुलनेसाठी'.

मित्रांनो, बापाला आपली पोरं काचेतून बघावी लागावीत, याहून वाईट काही असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. माझी समज कमी होती.

जुन्या शेळ्यांच्या जागी नव्या शेळ्या आल्या. पांढऱ्या, गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांच्या. फीत कापली, टाळ्या वाजल्या, अध्यक्षांनी एका शेळीच्या मानेत नाक खुपसून फोटो काढून घेतला. गच्च्यांवर आरामखुर्च्या आल्या. तोवर सुनेलाही दिवस गेले होते. आपल्या मुलाच्या प्रयोगशाळेतून आपल्या गोठ्याला अशा शेळ्या मिळाल्याचा मावशीला केवढा अभिमान! चार पाहुण्यांना तिने ओढून आणून शेळ्या हुंगायला लावल्या.

आणि मग एका सकाळी अध्यक्ष तोंडाला रुमाल लावून आले. "वास अजून येतोय," ते म्हणाले.

कात्रीसाहेबांना बोलावलं. त्यांनी गुडघ्यावर बसून एकेक शेळी हुंगली. "शेळ्यांना वास नाही."

"मग तो बोकड?"

"तो बंद काचेत आहे. त्याच्या खोलीतली हवासुद्धा आम्ही गाळून बाहेर सोडतो."

अध्यक्षांनी रुमाल जरा बाजूला केला. त्यांचं नाक गोठ्यावरून फिरलं, पत्र्यावरून फिरलं, आणि मावशीच्या लुगड्यावर येऊन थांबलं. तिथून मुलाच्या शर्टावर. तिथून सुनेच्या पोटावर.

"मग राहिलं कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

मावशीने पदर सारखा केला. मुलाने उगाच बाह्या खाली ओढल्या. ते बघून मला जी शिसारी आली, ती सांगता येत नाही. आत्तापर्यंत आमच्या वासाच्या आड ही माणसं सुखाने उभी होती. आम्हाला पुसल्याबरोबर बोट त्यांच्याकडे वळलं.

वास कसला होता, ते मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. दार उघडून दाणे टाकायला कोणी आलं की ती हवा आत यायची. अध्यक्षांच्याच इमारतीचं गटार तुंबलं होतं. पण बोकडाला कोण विचारतो?

त्यानंतर सून दूध घालायला गेली की पहारेकरी तिला दारात अडवायचा. ती माझ्या काचेला पाठ टेकून बसायची आणि सासूला सगळं सांगायची, म्हणून मला कळलं.

"तो म्हणतो, लिफ्टने नको ताई, वरून सांगितलंय. मी म्हटलं, अरे, या कळशा घेऊन जिना चढू का? तर म्हणतो, कळशा लिफ्टने जाऊ द्या, तुम्ही जिन्याने या."

"मग?" मावशीने विचारलं.

"मग काय. दूध एकटं लिफ्टने वर गेलं. मी धापा टाकत पोचले तर दूध माझी वाट बघत उभं."

दोघी हसल्या. मग दोघी हसायच्या थांबल्या.

याच सुमारास नगरपालिकेने नवी योजना काढली. पोटातल्या बाळाला कात्रीसाहेबांची सुई द्यायची. वासाची गाठ तिथेच कापायची. अशा मुलांना समोरच्या मोठ्या शाळेत पुढच्या बाकावर जागा. सक्ती नव्हती. फक्त ज्यांनी सुई घेतली नाही त्यांच्या मुलांची शाळा वेगळी, कचराडेपोच्या पलीकडे. कात्रीसाहेबांनी तारीखही सांगून टाकली. त्या दिवसापर्यंत सुई घेतली तर उपयोग. पुढे बाळ वाढतं, मग गाठ कापता येत नाही.

मुलगा हरखला. त्याने घरी साबण बदलला होता, शर्टाला कडक इस्त्री करायला लागला होता, आणि माझी काच तो आता लांब दांड्याच्या फडक्याने पुसायचा.

"अगं, एक सुई," तो बायकोला म्हणाला. "बाळाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल ना."

"तुला काय कळायचंय? त्या डेपोपलीकडच्या शाळेतच मी होतो. माझा बाक कायम खिडकीपाशी. थंडीतसुद्धा खिडकी उघडी. गुरुजी म्हणायचे, बाळ, तू चांगला आहेस, पण खिडकी लावू नकोस. माझ्या पोराने तिथे कुडकुडायचं का?"

मी रवंथ थांबवला. त्याचं दुखणं खरं होतं. ज्याला बघून लोकांनी आयुष्यभर नाकं मुरडली, त्याला कात्री देवासारखी वाटली तर त्यात नवल काय?

"बघू," ती म्हणाली. तिने होकार दिला असं त्याने धरलं.

आणि त्याच आठवड्यात नव्या शेळ्या व्यायला लागल्या.

पहिली व्याली ती सगळ्यांत देखणी होती. सगळं रीतसर झालं. करडू पडलं, थरथरलं, उठून उभं राहिलं. आईने मान वळवली, जीभ काढली, चाटलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. तिसऱ्यांदा नाक लावलं आणि थांबली. तिच्या नाकाला तिथे कोणीच सापडलं नाही. दगड हुंगून पुढे जावं तशी ती पुढे गेली. करडू तिच्या मागे गेलं. तिने ढुशी दिली नाही, लाथ मारली नाही. ढुशी द्यायलासुद्धा समोर कोणीतरी असावं लागतं. ती त्याला ओलांडून पाण्याकडे गेली.

दुसरीचं तसंच झालं. तिसरीचं तसंच. दुपारपर्यंत गोठाभर करडं नुसती ओरडत उभी होती, आणि भरल्या कासेच्या शेळ्या रवंथ करत त्यांच्याकडे बघत होत्या.

मावशीने एक युक्ती काढली. ती माझ्या खोलीत आली, माझ्या मानेचे केस कातरून नेले आणि सगळ्या करडांच्या अंगावर चोळले. "वासच हवाय ना, घ्या," ती म्हणाली. हे मी लाजत सांगतो मित्रांनो. त्या शेळ्यांना वाटलं, एवढे सगळे म्हातारे बोकड एकाच वेळी मागणी घालायला आले. गोठ्यात जी पळापळ झाली, तिच्यात एक शेळी पत्रा फोडून थेट अध्यक्षांच्या आरामखुर्चीत जाऊन बसली. अध्यक्ष खुर्चीतच होते.

मग कात्रीसाहेब धावत आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता, हे सांगायला हवं. त्यांना असं व्हायला नको होतं. पण उतरलेल्या चेहऱ्याने त्यांनी काय केलं? बाटल्या आणल्या. लिंबाच्या वासाच्या. सकाळ-संध्याकाळ करडावर फवारायचं आणि आईच्या नाकावरही. "जुळेल," ते म्हणाले. आधी अंगावरचं नाव कापून नेलं आणि आता तेच बाटलीत भरून परत आणलं. तेही सगळ्यांना एकच. मग काय झालं, तर कोणतीही शेळी कोणत्याही करडाला पाजू लागली. दांडगी करडं चार-चार ठिकाणी प्यायली. मवाळ होती ती मागे राहिली. एक अगदी लहान होतं, कानावर ठिपका असलेलं. सुनेने त्याला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजायचा प्रयत्न केला. ते दुधाकडे बघेना. ते तिच्या खांद्यावरून आईकडे बघत होतं. संध्याकाळच्या आत ते तिच्या मांडीवरच गेलं. आई समोर बसून पाला खात होती.

सून रडली नाही. तिने करडाला पोत्यात गुंडाळलं, हात धुतले, आणि ते हात नाकाशी नेऊन बराच वेळ हुंगले. लिंबाचा वास.

ठरलेल्या दिवशी प्रयोगशाळेची पांढरी गाडी आली. मुलगा नवा शर्ट घालून दारात उभा. "चल लवकर, साहेब वाट बघतायत," त्याने खोलीत डोकावून हाक मारली. खोलीत ती नव्हती. खिळ्यावर माझ्या दाराची किल्लीही नव्हती.

ती माझ्याजवळ होती. आत येऊन तिने दार लोटून घेतलं, माझ्या गळ्यात हात टाकले आणि माझ्या मानेवर डोकं घासलं. गालाला गाल लावला. केसांत, पदराला, पोटावर, सगळीकडे माझा वास चोपडून घेतला. मग गवतावर बसली. इतकी वर्षं माणसं माझ्यापासून लांब पळाली होती. मी तर अगदी अवघडून उभा राहिलो.

गाडीचा ड्रायव्हर काचेपाशी आला आणि दोन पावलं मागे सरकला. "नाही हो, हिला नाही घेणार," तो म्हणाला. "हा वास गाडीत बसला की गाडी भंगारातच."

"आंघोळ घालून आणतो," मुलगा म्हणाला.

"बोकडाचा वास आहे. आंघोळीने काय होणार? कातडं बदलून आणा."

मुलाने दार उघडलं. आत पाऊल टाकताना त्याने श्वास रोखला होता. "काय चाललंय तुझं? आजचा शेवटचा दिवस आहे. उद्या साहेब पाया पडलो तरी सुई देणार नाहीत."

"माहीत आहे. म्हणूनच आज बसलेय."

"अगं, तू काय शेळी आहेस? तुला डोळे आहेत. तुझं पोर तू ओळखशील."

"ओळखेन की नाही, मला काय माहीत?" ती म्हणाली. "माझं पहिलंच आहे. त्या शेळीलाही वाटलं असेल, आपण ओळखू."

"आणि शाळा? ती खिडकी?"

"खिडकी लावायला मी जाईन. रोज जाईन. गुरुजी उघडतील, मी लावीन. पण ओळखायचं कसं, ते कोणत्या गुरुजींना विचारू?"

मावशी मागून आली होती. ती दारातच उभी राहिली. "अरे," ती हळूच मुलाला म्हणाली, "तू साबण बदललास ना, तेव्हापासून घरात कोणी पाहुणा राहायला आलाय असं वाटतं बघ मला. मी काही बोलले नाही."

मुलाने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. रोखलेला श्वास किती वेळ रोखणार? त्याने तो सोडला आणि मोठा श्वास घेतला. त्याचे डोळे पाणावले. माझ्यामुळे की आणखी कशामुळे, ते मी सांगणार नाही. मग तो नवा शर्ट, ती कडक इस्त्री घेऊन माझ्या लेंड्यांवर तिच्या शेजारी बसला. ड्रायव्हरने बराच वेळ भोंगा वाजवला. मग गाडी गेली.

पुढे सगळं गोड झालं असं सांगितलं तर ती थाप होईल, आणि थापा मी फक्त कावळ्यांच्या बाबतीत मारतो. मुलाची नोकरी गेली. गोठा कचराडेपोमागे हलवावा लागला. मला तुलनेच्या कामातून कमी केलं, ते एक बरं झालं. मावशीने मला सोबत नेलं. नव्या शेळ्या प्रयोगशाळेने परत नेल्या आणि म्हणे आता त्यांच्यात आणखी एक गाठ कापणार आहेत, म्हणजे आईला पोराची गरजच वाटणार नाही. अध्यक्षांना वास अजून येतो. सध्या संशय पहारेकऱ्यावर आहे.

सुनेला मुलगी झाली. तिने जरा मान धरल्यावर तिला माझ्यापुढे आणली. मी मान पुढे केली, तिला हुंगलं. दूध, झोप, थोडा आंबूसपणा, आणि त्याखाली एक असा वास जो याआधी जगात कुठेच नव्हता. मग तिने मला हुंगलं. तिचं नाक आक्रसलं, तोंड वाकडं झालं, आणि तिने असं भोकाड पसरलं की डेपोवरची घार उडाली. सून हसली. मला मुळीच राग आला नाही.

मित्रांनो, तुम्हीही माझ्यापुढून जाताना नाक मुरडा, खुशाल मुरडा. ते तुमचं नाक आहे. नाक मुरडणाऱ्यांबरोबर मी जन्मभर राहिलो आहे, त्याने माझं काही बिघडलं नाही. पण ज्याच्याकडे बघून नाक मुरडलं, त्याला पुसून टाकायला कोणी कात्री घेऊन निघालं, तर मात्र त्या कात्रीला हात लावू नका. आणि तुमच्या वर्गात कोणी खिडकीपाशी कुडकुडत बसलेलं असेल, तर उठा आणि खिडकी लावा.